तुटक रेघेपलीकडचा आलेख

सुनेने वही फटकन मिटली, तेव्हाच सासऱ्यांना कळलं की हिने आता गणिताचा नाद सोडला.

"बाबा, मी परीक्षेचा फॉर्म भरत नाही. पदवीचा हा एक पेपर चौदा वर्षं राहिलाय, पुढंही राहील. माझ्या डोक्यातच नाही ते."

फॉर्मची आज शेवटची तारीख होती आणि कॉलेजातली फॉर्मची खिडकी पाचला बंद होणार होती.

"चाळीस वर्षं छापखान्यात गणिताच्या आकृत्या काढल्यात तुम्ही," आतून सासूबाई म्हणाल्या, "पोरीला एक आलेख समजावता येईना? नुसत्या रेघोट्याच ओढल्या म्हणायच्या!"

यात खोटं काही नव्हतं. सासऱ्यांना गणित येत नव्हतं, स्वच्छ रेघ तेवढी येत होती.

"कुठं अडलंय?" त्यांनी भीतभीत विचारलं.

तिने पुस्तक आणि वही पुढे सरकवली. परिमेय फलाचा आलेख होता. वर x² + x − 1, खाली x² + 1. उजवीकडे लांब जावं तसा तो एकच्या उंचीवरच्या तुटक आडव्या रेघेजवळ सरकत राहतो. ती त्याची अनंतस्पर्शी रेषा.

"पुस्तकात बघा, तो खालून जवळ जातो, शिवत नाही. आणि मी x दोन घेतलं की थेट रेघेवर! तीन घेतलं की एक पूर्णांक एक दशांश, म्हणजे रेघेच्याही वर. दोनपाशी स्पर्शिका काढायचीय. तिचा उतार येतो एक पंचमांश, पण चिकटवू कुठे? चित्रातला आलेख तिथे खालीच लोंबतोय. तीन दिवस तेच आकडे येतायत. मी ढ आहे, बाबा."

सासऱ्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. आकृती त्यांच्याच हातची होती.

छापखान्याचा दंडक होता, आलेख आणि तुटक रेघ यांत केसाएवढी फट ठेवायची, नाहीतर शाई पसरून दोन्ही एक होतात. या आकृतीच्या कच्च्या कागदावर पुस्तक लिहिणाऱ्या प्राध्यापकांची पेन्सिल ती रेघ ओलांडून गेली होती. म्हाताऱ्यांचा हात थरथरतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. बिचाऱ्यांची रेघ भरकटली असं समजून सासऱ्यांनी, कुणाला न सांगता, मोठ्या मायेने आलेख खाली ओढून घेतला होता.

आता गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं.

"तू ढ नाहीस," ते टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले, "चुकलोय तो मी." आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तीन दिवस मी स्वतःला शिव्या घातल्या, त्या तुमच्या होत्या?"

"माझ्याच. राहिल्या असतील तर त्याही घाल."

"माझ्या दोन मिळव गं त्यात!" आतून आवाज आला.

सून हसली. कोरा आलेख कागद त्यांच्यापुढे ठेवून म्हणाली, "मी आकडे सांगते, तुम्ही काढा."

ती सांगत गेली, ते ठिपके देत गेले. मग ठिपके जोडताना दोनपाशी पेन्सिल थांबली.

"जा की पुढं!"

"हात जात नाही गं. चाळीस वर्षांची खोड."

"मग आधी स्पर्शिका काढा. पाच घरं उजवीकडे, एक वर."

पट्टी लावल्यावर हात सैल झाला. आलेख स्पर्शिकेला टेकून रेघ ओलांडून गेला, चारच्या किंचित पुढे वाकला आणि पुन्हा रेघेकडे उतरू लागला.

"परत ओलांडतो की काय?"

"छे! वरच्या अंशातून x² + 1 वेगळं काढलं की उरतं फक्त x वजा दोन. ते एकदाच शून्य होतं. यापुढे नुसता जवळ जात राहणार."

"कळलं," सासरे म्हणाले. खरंच कळलं होतं, आणि त्याचं त्यांनाच नवल वाटलं.

तिने घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा. "चपला घाला. रांगेत माझ्याबरोबर उभं राहायचं. शिक्षा."

रांगेत पुढच्या मुलीच्या हातात तेच पुस्तक होतं. "ह्यातल्या आकृत्या माझ्या सासऱ्यांनी काढल्यात," सून ऐटीत म्हणाली. चुकीचं नावही काढलं नाही.

सासरे घसा खाकरून पुढे झाले. "त्यातली एक चुकलीय, बाळ," ते म्हणाले, "हिने पकडली. पुस्तक उघड, दाखवतो."