बापाच्या वासामागे

मित्रांनो, मी तुकईथडजवळच्या माळावरची एक म्हातारी लांडगीण आहे. माझे दात झिजले, पण नाक अजून शाबूत आहे. त्यामुळे मला काही विसरता येत नाही.

ऐन उमेदीत मी आणि माझा जोडीदार नाल्याकाठच्या कपारीत राहायचो. ससे, उंदीर, कधी रानडुकराचं पिल्लू, यावर आमचं भागायचं. "लांडगा फिरतो म्हणून डुकरं केळीत कमी शिरतात," असं शेतकरी म्हणायचे. तेवढंच आमचं कौतुक. मात्र भूक अनावर झाली की आम्ही बकरीही धरायचो. खोटं कशाला सांगू?

एका उन्हाळ्यात जोडीदाराने नाल्यापलीकडच्या गिरधर शेतकऱ्याची गाभण बकरी मारली. माणसं धावून आली, म्हणून ती तिथेच टाकून तो पळाला. संतापलेल्या गिरधरने त्या मांसात जहर कालवलं. जोडीदार उपाशीच होता. तो परत तिकडे गेला आणि पुन्हा घरी आलाच नाही.

त्याचा वास मात्र येत राहिला. लांडगा आपल्या वाटेवरच्या दगडांवर, झुडपांवर वास ठेवून जातो. वारा सुटला की आमची तीन लहान पिल्लं शेपट्या हलवत कपारीच्या तोंडाशी जमायची. येणारं कोणी नव्हतं. तरी माझीही मान वर व्हायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शिकारीला गेले आणि पिल्लं त्या वासामागे निघाली. परतले तर कपार रिकामी. मी हुंगत हुंगत धावले.

नाल्याकाठी गिरधरची आई, भागाबाई, मेलेल्या कुत्र्यासाठी खड्डा खणत होती. तिचा तो कुत्राही तेच मांस खाऊन मेला होता.

"जहर टाकताना कोन खाईन, ते समजलं होतं का रे तुले?" ती गिरधरला विचारत होती.

"माय, मले वाटलं, लांडगाच मरीन."

"अन् लांडग्याले लेकरं नसतात?"

तेवढ्यात तिला माझी पिल्लं दिसली. एकाचं तोंड जवळच पडलेल्या त्या बकरीच्या मांसात होतं. "हट! पळा रे, मरसान!" असं ओरडत ती ढेकळं फेकू लागली. मला पाहून गिरधरने काठी उगारली. तिने त्याचा हात धरला.

"राहू दे. माय आली त्यांची."

दोन पिल्लं माझ्याकडे पळाली. तिसरं उठलंच नाही. त्याला मानेला धरून मी कपारीत आणलं. ते गार पडलं, तरी चाटत राहिले.

मित्रांनो, बकरी गेली की राग येणारच. राखण करा, काठ्या आपटा, आरोळ्या द्या, आम्ही पळून जाऊ. पण मांसात जहर कालवू नका. ते कोणाच्या घरात शिरेल, हे कालवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

वाचलेल्यांपैकी एक आता पलीकडच्या टेकडीवर राहतो. दिवस मावळला की हाक देतो. आवाज हुबेहूब बापाचा. तो माझा मुलगा आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी हाक आली की अंगावरचे केस उभे राहतात, आणि मी दरवेळी त्याच्या बापालाच ओ देते.