सुट्या भिंती

पुठ्ठ्याच्या भिंतीच्या तळाशी डिंकाचा एक थेंब वाळला होता. मोहरीहून लहान, कडेला पिवळसर, उजेड तिरपा पडला तरच दिसणारा. तिला तो लगेच दिसला, कारण या प्रतिकृतीतल्या भिंती तिने कधीच चिकटवल्या नव्हत्या. त्या टाचण्यांवर उभ्या असत. कुणीही उचलाव्यात आणि दुसरीकडे रोवाव्यात.

"या चिकटवल्या कुणी?" तिने हळू आवाजात विचारलं.

"मीच सांगितलं," साहेब म्हणाले. "गाडीत हलत होत्या गं. आणि आज फोटो काढायचेत."

वस्तीतली माणसं शाळेच्या वर्गात जमत होती. बाकं कडेला सरकवलेली, मधल्या टेबलावर सभागृहाची ही प्रतिकृती. सभागृह मूळ रहिवाशांचं; त्यांनीच मागायचं, त्यांनीच ठरवायचं आणि आराखड्यावर सहीही त्यांच्यातल्याच आर्किटेक्टची, अशी देणगीदारांची अट होती. वस्तीतून शिकून आर्किटेक्ट झालेली ती एकटीच, आणि नोकरीला साहेबांच्याच ऑफिसात. आज तिची सही झाली नाही, तर पैसे परत जाणार होते.

वस्तीची बांधायची रीत जगावेगळी. आधी खांब, मग छप्पर, भिंती सगळ्यात शेवटी. मधला एक अख्खा पावसाळा आणि हिवाळा लोक त्या उघड्या छपराखाली बसत, भांडत, लेकरं निजवत. पाणी कुठून आत येतं, म्हातारी माणसं कुठल्या खांबाला टेकतात, कोण कुणाचं तोंड बघायला तयार नाही, हे कळलं की मग भिंती. साहेबांना तिने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांना ते फार आवडलं. दोन भाषणांत त्यांनी ते वापरलंही. मग म्हणाले, "पण जी भिंत कुठे आहे तेच माहीत नाही, तिचा खर्च कसा धरायचा?"

म्हणून तिने वारा मोजला. टेकाडावर यंत्र लावलं, आलेख काढले. वाऱ्याचं वागणं ऋतूगणिक किती बदलतं, हे दाखवलं की थांबणं साहेबांना पटेल, असा तिचा हिशेब. साहेब आलेख बघून खूश झाले. "म्हणजे आता थांबायची गरजच उरली नाही. भिंती कुठे हव्यात ते कळलंच की." तिच्याच आलेखांवर भिंती पक्क्या झाल्या. त्या दिवशी ती बघू, असं मनाशी म्हणाली.

बघू हा तिचा जुना शब्द. परत कधी येतेस, असं आत्या दर सुट्टीत विचारायची आणि ती म्हणायची, बघू. वस्तीतली पोरं तिला तोंडावर बघूताई म्हणत.

"ही मी मागच्या वेळी इकडे ठेवली होती," असं पुटपुटत म्हाताऱ्या मामांनी सवयीने एक भिंत चिमटीत धरली आणि उचलली. भिंतीबरोबर अख्खं सभागृह वर आलं, छपरासकट.

"मामा, घर घेऊन निघालात कुठे?" तिचा आतेभाऊ म्हणाला. वर्ग हसला.

साहेबांनी प्रतिकृती अलगद सोडवून घेतली. "आता हे फायनल आहे, मामा. तुम्ही सगळ्यांनी मिळूनच ठरवलंय."

"आम्ही?" मामा बोटं चोळत म्हणाले. "आम्ही अजून बसलोच कुठे त्यात?"

"मामा, तसंच परत एकदा उचला ना," फोटोवाला म्हणाला. "छान दिसत होतं."

मामांनी हात मागे बांधले.

आत्या वस्तीच्या समितीची प्रमुख. ती भाचीकडे वळली. "वाऱ्याचं ठीक आहे. ही भिंत वारा अडवेल, मान्य. पण या दोघी जावा एका छपराखाली कुठे बसणार, ते तुझ्या यंत्राला सांगून गेल्या का?"

पुन्हा हशा. वर्गाच्या दोन टोकांना बसलेल्या दोघी जावा तेवढ्या हसल्या नाहीत. आतेभाऊही या वेळी हसला नाही.

"हसा. पैसे परत गेले की पावसात बसून हसा. गेल्या थंडीत डॉक्टर आले तेव्हा लेकरांना इंजेक्शनं गोठ्यात दिली आपण. चुकीच्या जागी असली, तरी भिंत ती भिंत." मग तो तिच्याकडे बघून म्हणाला, "आणि तुझं काय? सही केली काय, नाही केली काय, तू शहरात पक्क्या घरातच झोपणार."

तो खरं बोलत होता.

"समोरचं वाचनालयही असंच भिंतींसकट आलं होतं," आत्या म्हणाली. "आता त्यात शेळ्या असतात. त्याही नाइलाजाने."

"ते बांधणाऱ्यांनी तुम्हाला विचारलं नव्हतं," साहेब दुखावून म्हणाले. अर्धं आयुष्य त्यांनी अशा वस्त्यांमध्ये, जमिनीवर झोपून काढलं होतं. "आम्ही प्रत्येक गोष्ट विचारली."

"विचारलंत," आत्या शांतपणे म्हणाली. "त्यांनी विचारलं नाही, म्हणून त्यांच्यावर रागावता तरी यायचं."

साहेबांनी पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढे ठेवलं. "कर सही. किरकोळ बदल नंतर करू." त्यांना ते मनापासून वाटत होतं, हेच तिला सगळ्यात जड गेलं.

"आपली रीत तुला माहीत आहे," आत्या म्हणाली. "ज्याने आखलं त्याने आधी बोलायचं. मग आम्ही. आणि आज बघू म्हणू नकोस."

तिने डिंकाच्या थेंबाखाली नख घातलं. थेंब निघाला नाही; पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा तेवढा फाटून आला. तिने पेनाला टोपण लावलं आणि आतेभावाकडे बघितलं.

"मी सही करणार नाही, दादा," ती म्हणाली. "राग धरायचा तर माझ्यावर धर."