सात नंबरचे पाहुणे

काउंटरवरचा फोन खाली ठेवून पाहुणे म्हणाले, "मी काही जाणार नाही," आणि पाण्याच्या टाकीतून काढून आणलेली पितळी दांडी पुन्हा चिंचेनं घासायला बसले.

वहिनी समोरच चादरींच्या घड्या घालत होत्या. फोनवरची भाषा त्यांना कळत नव्हती, पण माणसाचा चेहरा वाचायला भाषा कशाला लागते? चौतीस वर्षं त्या लॉज चालवत होत्या. कोण भांडून आलंय, कोण पळून आलंय, कोण नुसतंच थंडीला कंटाळून आलंय, हे त्यांना बॅग खाली ठेवायच्या आत कळायचं. त्यांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा पाहुण्यांनी एकेक शब्द उसना आणल्यासारखं सांगितलं. तिकडे त्यांची मोठी बहीण घरात घसरून पडली होती. कमरेचं हाड मोडलं होतं. शेजारणीनं फोन केला होता, की ताई सारखं तुमचंच नाव घेतात.

"मग निघा की," वहिनी म्हणाल्या.

पाहुण्यांनी दांडी उजेडात धरून पाहिली आणि आता ती अडकणार नाही, टाकी भरून वाहायची नाही, असं काहीतरी पुटपुटत जिना चढून गेले.

एकोणीस वर्षं एकाच खोलीत राहिलेल्या माणसाला पाहुणे म्हणणं म्हणजे गंमतच. पण नाव एकदा पडलं की पडलं. आले तेव्हा पंचावन्नचे होते. रेल्वेच्या यार्डात सिग्नलच्या तारा दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली होती. बर्फात गुडघाभर उभं राहून राहून सांधे आखडले, म्हणून वेळेआधीच घरी बसवलेले. तिकडे त्यांच्या पेन्शनीत अर्धी खोली आणि शेगडीचा कोळसा एवढंच भागायचं. इथे तीच पेन्शन राजासारखी वागायची. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली, दोन वेळचं जेवण, सकाळी अख्खी पपई, आठवड्याला न्हाव्याकडून दाढी, आणि तरी महिनाअखेरीला खिशात काहीतरी खुळखुळायचंच. पहिल्याच आठवड्यात धुतलेला सदरा तासाभरात वाळलेला पाहून हा बाबा तो सदरा हातात घेऊन खाली आला होता आणि वहिनींच्या यजमानांना दाखवत होता. तिकडे म्हणे कपडे चार-चार दिवस आंबत पडायचे. यजमान रात्री हसून हसून बेजार झाले होते. म्हणाले, अगं, याला उन्हाचंच कौतुक, याच्याकडून पंख्याचे पैसे घ्यायला नकोत.

इथली भाषा पाहुणे आधी शिव्यांपासून शिकले, मग भाज्यांची नावं, मग नाती. वहिनींना वहिनी आणि यजमानांना भाऊ म्हणायला लागले. खिडक्यांच्या कड्या, नळांचे वायसर, पंख्याची कुरकुर, लॉजमधलं काहीही बिघडलं की ते पायरीवर हत्यारं मांडून बसायचे. आणि सहा वर्षांपूर्वी भाऊ गेले, तेव्हा वहिनींनी महिनाभर खोलीबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. काउंटरवर कोण बसलं? हेच. कुणीही सांगितलं नव्हतं. रोज संध्याकाळी दाराबाहेर उभे राहून सांगायचे, वहिनी, आज दोन खोल्या लागल्या, एक सुटली, कुणी भांडलं नाही. बस. सांत्वनाचा एक शब्द नाही. पण वहिनींना त्या महिन्यात तेवढाच आवाज ऐकवत होता.

असा माणूस सख्ख्या बहिणीला नाही म्हणतो, हे काही वहिनींच्या पचनी पडेना. खरं तर एक जुना सलही होता. अकरा वर्षांपूर्वी पाहुण्यांची आई वारली. तार आली. तेव्हाही हे गेले नाहीत. दिवसभर गच्चीवर उन्हात पाठमोरे बसून राहिले, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे पपई कापायला हजर. वहिनी तेव्हा नवऱ्याला म्हणाल्या होत्या, परमुलखाची माणसं, यांची काळजं दगडाचीच असायची.

दुपारी त्या स्वतः चहा घेऊन वर गेल्या. गुडघ्यांमुळे त्या सहसा जिना चढत नसत. वरचं सगळं कामवाल्या बाईवर सोपवलेलं. खोलीच्या दारातच उभं राहून त्यांनी सरळ विचारलं, "मायेचं माणूस अंथरुणाला खिळलंय आणि तुम्ही इथे नळ कसले दुरुस्त करताय? पैसे नाहीत का तिकिटाला?"

"तिकिटाला आहेत."

"मग?"

पाहुण्यांनी चहाचा कप घेतला, पण प्यायले नाहीत. "वहिनी, किल्ली दिली की भाव गेला."

वहिनींना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांनी दाराची चौकट धरली.

तो भाऊंचा नियम होता. काउंटरमागे पाटीवर रंगवून घेतलेला. पाहुणा ज्या दिवशी आला त्या दिवसाचा भाव त्याला कायम; मग दहा दिवस राहो की दहा वर्षं. मात्र खोली सोडली, किल्ली परत दिली, की पुढच्या खेपेला नवा भाव. नियम सगळ्यांना सारखा, अगदी माझ्या सासऱ्यांना सुद्धा, असं भाऊ छाती काढून सांगायचे. एकोणीस वर्षांत आजूबाजूला मोठमोठी हॉटेलं झाली, किनाऱ्यावर खुर्च्या भाड्यानं मिळायला लागल्या, लॉजचा भाव सातपट झाला. सात नंबरचा मात्र तोच राहिला. वहिनींचा मुलगा यावरून त्यांच्याशी दर सीझनला वाद घालायचा.

"एकदा सोडली तर मला परत इथे राहणं परवडणार नाही," पाहुणे म्हणाले. "गेलो की गेलोच. आणि तिकडे मी आता जगू शकत नाही."

"आई गेली तेव्हाही हेच?"

पाहुण्यांनी मान डोलावली.

"अहो, मग यांना एका शब्दानं विचारायचं होतंत."

"भाऊ म्हणायचे, नियम सगळ्यांना सारखा. माझ्यासाठी मोडा, असं कोणत्या तोंडानं म्हणणार?"

वहिनी तिथेच पलंगाच्या कडेवर बसल्या. कारण त्यांना दुसरी बाजूही ठाऊक होती. तार आली त्या रात्री भाऊंना झोप नव्हती. म्हणाले होते, त्यानं नुसतं विचारावं, महिनाभर खोली तशीच ठेवीन, एक पैसा नको. वहिनी म्हणाल्या होत्या, मग तुम्हीच सांगा की जाऊन. तर म्हणाले, छे, स्वाभिमानी माणूस आहे, न मागता दिलं तर भीक घातल्यासारखं वाटेल त्याला. झालं. ह्यानं मागितलं नाही, त्यानं देऊ केलं नाही. दोघंही एकमेकांची अब्रू सांभाळत बसले, आणि तिकडे एक म्हातारी दाराकडे डोळे लावून गेली. आणि मी ह्याला दगड म्हणत राहिले, वहिनींना वाटलं, अकरा वर्षं मी ह्याला पपईसोबत हेच वाढत राहिले.

त्या उठल्या. म्हणाल्या, "किल्ली खिशात घाला आणि निघा. पाटीवर किल्ली परत दिली असं लिहिलंय. खिशात ठेवली तर खोली तुमचीच. भाड्याचं नाव काढलंत तर माझ्याशी गाठ आहे."

दुसऱ्या दिवशी पाहुणे निघाले. निघण्याआधी एक भलतीच अडचण आली. ट्रंकेतले जुने बूट पायात शिरेनात. एकोणीस वर्षं चपलेत आणि अनवाणी फिरून पाय पसरले होते. शेवटी मुलगा मोटरसायकलवरून बाजारात जाऊन नवे बूट घेऊन आला. तो कुरकुरला, भर सीझनमध्ये खोली अडकून राहणार म्हणून. पण लेस मात्र त्यानंच खाली बसून बांधल्या. पाहुण्यांनी चार पावलं चालून पाहिलं, आणि पहिल्यांदाच पाहुण्यासारखे दिसले.

मग दर रविवारी फोन यायला लागला. ताई ओळखते. ताई बोलते. ताईनं आज मिठावरून भांडण केलं. वहिनी इकडे एकट्याच हसायच्या. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे दोन. हाड काही धड जुळेना. ताईंना आता धरूनच उठवायला लागायचं, धरूनच बसवायला. पाहुण्यांचा आवाज दर रविवारी थोडा बारीक होत होता. तिथे दिवस चार वाजताच मावळतो, म्हणायचे. इकडे ऊन कसं आहे, विचारायचे. वहिनी सांगायच्या, आहे तसंच आहे, त्याला काय धाड भरलीय.

आणि इकडे सात नंबर बंद. मुलगा रोज येता-जाता बोलायचा. वहिनी ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. संध्याकाळी काउंटरवर बसल्या की जिन्यावर चपलांचा आवाज आला असं त्यांना वाटायचं आणि मान आपोआप वळायची. साठी उलटलेल्या बाईनं असल्या गोष्टी कुणाला सांगाव्यात? आणि सांगायच्या तरी काय? तो कुणी नात्याचा नाही, गोत्याचा नाही. पण घरातलं कुणीतरी बाहेर राहिलंय आणि दाराला कडी घालता येत नाही, असं त्यांना वाटत होतं, एवढं खरं.

तिसऱ्या महिन्यातल्या एका रविवारी पाहुणे फोनवर एकदम घाईनं बोलायला लागले. तिकडे म्हाताऱ्यांची एक संस्था आहे. चांगली आहे, स्वच्छ आहे. ताईला तिथे ठेवायचं ठरवलंय. पुढच्या आठवड्यात कागद होतील, महिनाअखेरीला मी येतो. तुम्ही भर सीझनमध्ये खोली अडकवून ठेवलीत, मला लाज वाटते.

येतो म्हणाला. हा एकच शब्द ऐकायला तर त्या तीन महिने कान लावून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ताई काय म्हणतात?"

"काही म्हणत नाही. फक्त मी बाहेर निघालो की विचारते, टोपी घेतलीस का."

वहिनींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला टोपीचं विचारणारं जगात दुसरं कोण उरतं? ती संस्थेत गेली की भिंतीला विचारेल. आणि हा इथे येऊन पुन्हा गच्चीवर उन्हात पाठमोरा बसेल; या खेपेला उठायचा नाही. आपण नुसतं या म्हटलं, तर हा येईल. नुसतं गप्प राहिलं तरी येईल. खोली आहे, म्हणून येईल.

"अहो पाहुणे," त्या म्हणाल्या, "मी सांगणारच होते तुम्हाला. सात नंबर दिली मी."

"कधी?"

"परवाच दिली. काय करणार, सीझन आहे. मुलगा किती दिवस ऐकणार? आणि जास्त दिवसांसाठी दिलीय, आता उठवता यायचं नाही."

"बरोबर आहे," पाहुणे हळूच म्हणाले. "बरोबर आहे, वहिनी. नियम आहे." मग म्हणाले, "माणसं बरी आहेत ना? पश्चिमेकडच्या खिडकीची कडी नीट लावायला सांगा त्यांना. वाऱ्यानं आपटते."

"सांगते."

"माझे कपडे कुणाला तरी द्या."

"देते. तुम्ही ताईंना सांभाळा. आणि टोपी घालत जा."

फोन ठेवल्यावर वहिनी बराच वेळ रिसीव्हरवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. मुलगा दारात होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं विचारलं, आई, सात नंबर कुणाला दिलीस, मला कसं माहीत नाही? वहिनींनी खणातली दुसरी किल्ली घेतली आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर गेल्या.

खोली तीन महिन्यांची बंद होती. त्यांनी खिडक्या उघडल्या. हँगरवरचे सदरे काढून घड्या घातल्या, पलंगाखालची हत्यारांची पेटी पुढे ओढली, पुन्हा होती तिथे सरकवली. मग करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून पश्चिमेच्या खिडकीपाशी वेताची खुर्ची होती तिच्यात बसल्या.

समोर दोन गच्च्यांच्या फटीतून समुद्र दिसत होता. हातभर रुंद, पण समुद्रच. वारा सरळ तोंडावर येत होता. खालच्या दोरीवर त्यांनीच सकाळी घातलेल्या चादरी केव्हाच वाळून फडफडत होत्या. ऊन येऊन मांडीवर बसलं होतं आणि जराही पोळत नव्हतं. चौतीस वर्षं त्या या लॉजच्या तळमजल्यावर, स्वयंपाकघरामागच्या खोलीत झोपत होत्या. त्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते. माणसं इतक्या लांबून, विमानं बदलत, उन्हानं लाल होत इथे कशाला येतात, याचं त्यांना कायम हसू यायचं. या एवढ्याशा जागेचे आपण किती कमी पैसे घेतले त्याच्याकडून, त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना रडू फुटलं. त्यांनी ते अडवलं नाही.

खालून मुलाची हाक आली. एक जोडपं आलंय, वरची खोली हवीय म्हणतात, चार दिवसांसाठी, देऊ का सात नंबर?

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं आणि खुर्चीतून न उठता सांगितलं, "नाही. खोलीत माणूस आहे."