वाटी कुठंय?

माझ्या ताईची पिळलेली मांडी फुंकरीने सरळ झाली. ही बातमी तुम्ही ऐकलीच नाही असं समजा. ताईच्या मांडीनेही ती ऐकलेली नाही.

सभागृहात मुंगीला जागा नव्हती. फुंकरबाबांनी दोन एक्स-रे उजेडात धरले. पहिला इस्पितळातला. मांडीच्या हाडाला वर, आतल्या बाजूला एक उंचवटा असतो. मोडलेल्या पायाचा ठळक दिसत होता, धडक्या पायाचा जेमतेम. दुसरा फुंकरीनंतरचा, बाबांच्याच मशीनवरचा. त्यात दोन्ही उंचवटे जुळे भाऊ. लोक हात जोडून रडले.

जिन्यावरून पडून ताईचं हाड मोडलं होतं आणि जोडताना पिळलं. पाऊल आत वळायचं, ती स्वतःच्याच पायाला अडखळायची. हाड कच्चं आहे तोवर पीळ सोडवू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. बाबांचं म्हणणं, लोखंडाने मोडतं ते श्वासाने जुळतं. मोडलं होतं जिन्याने, पण आमच्या अप्पांनी मान डोलावली आणि ऑपरेशन रद्द केलं. ताई पुन्हा पडली, तेव्हा बाबांनी खुलासा केला की हाड सरळ झालंय, चालीला अजून कळवलेलं नाही.

ती तिसऱ्यांदा पडल्यावर आम्ही इस्पितळात गेलो. बाईंनी बाबांची फिल्म पाहिली.

"वाटी कुठंय?"

आईने पिशवीतून डब्याची वाटी काढली.

"गुडघ्याची, काकू."

फिल्म गुडघ्याच्या वरच कात्रीने कापलेली होती.

बाईंनी ताईला झोपवून दोन्ही वाट्या छताकडे केल्या आणि फोटो काढला. उंचवटा ठळक. मग पाऊल हवं तसं आत पडू दिलं आणि दुसरा काढला. उंचवटा जुळा. फुंकर कोणी मारली नव्हती. पंखासुद्धा बंद होता. पाय आत फिरला की हाडाचा वरचा भागही फिरतो आणि उंचवटा लपतो, असं त्यांनी समजावलं. म्हणून आधी वाट्या समोर, मग तुलना.

अप्पा हळूच म्हणाले, "मग आता सोडवा की पीळ."

"आता हाड पक्कं झालंय. कापावं लागेल."

 ताईने दोन्ही हातांनी आपला गुडघा छताकडे वळवला आणि तसाच धरून ठेवला.

आधीचा-नंतरचा फोटो कोणी दाखवला, तर त्याला वाटी विचारा. तो चिडला तर निघा. वाट तुमचीच लागणार आहे.

सबब, संबंधित खात्यास विनंती की, फुंकरीत गेलेले महिने माझ्या ताईच्या हाडात पूर्ववत जमा करावेत व तसे लेखी कळवावे.