न्थोफीलाची फुंकर

न्ताते त्लेलिमा, म्हणजे त्लेलिमाबाबा, खाणीतली नोकरी संपवून लेसोथोला परतले होते. आमच्या डोंगरातल्या दवाखान्यात मी फुप्फुसं तपासते. छाती भरून श्वास घ्यायचा, यंत्राच्या नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे आणि आतली हवा संपेपर्यंत थांबायचं नाही, एका दमात फुंकायचं. त्यांचा दम मात्र मध्येच सुटत होता.

“अहो, चहा निववताय का?” मागून त्यांची बायको न्थोफीला म्हणाली. “जोरात फुंका की!”

“बोलायला काय जातं? तूच दाखव फुंकून.”

मी नवी नळी लावली. ती हसत पुढे आली आणि फुंकली. पडद्यावरची रेघ जरा चढली, मग कलून रांगत राहिली. श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध ओढायला देऊन मी तिला पुन्हा फुंकायला लावलं. रेघ तशीच आली. तिच्या श्वासनळ्या अरुंद झाल्या होत्या. आत गेलेली हवा बाहेर पडताना अडत होती.

“म्मे, चूल कुठे आहे?” आमच्या रीतीप्रमाणे तिला ‘आई’ म्हणत मी विचारलं.

“खोलीतच. हिवाळाभर शेण्या धुमसत असतात. खोकला काय, सगळ्याच बायकांना असतो.”

न्ताते हळूच म्हणाले, “हिची धाप मला ऐकूच आली नाही. माझाच खोकला मोठा.”

पुढच्या तपासणीला दोघं आले, तेव्हा न्थोफीलाचा श्वास जरा मोकळा होता.

“यांनी चूल अंगणात नेली,” ती कुरकुरली. “आता मक्याच्या पिठाची लापशी, पापासुद्धा स्वतःच ढवळतात.”

“मग बरंच की!”

“कसलं बरं? नुसत्या गुठळ्या!”