तोतया उपग्रह

गेल्या महिन्यात मी एकदा चुकून धोक्याचा इशारा दिला, साठ माणसं धावत सुटली, आणि निघालं काहीच नाही. तेव्हापासून सगळं केंद्र मला ‘भोंगा’ म्हणतं. त्यात आमच्या शिफ्टचे प्रमुख म्हणजे माझ्या ताईचे यजमान. ‘मेहुणी आहे म्हणून टिकलीय’ ही कुजबुज माझ्या कानावर घालायला लोक विसरत नाहीत. आणखी एक खोटा इशारा दिला तर माझी रवानगी कागदपत्रांच्या विभागात, हे भाऊजींनी मला केबिनमध्ये बोलावून बजावलं होतं.

सीमेवर नजर ठेवणारा एक लष्करी उपग्रह आम्ही सांभाळतो. तो डोक्यावरून जातो ती अकरा मिनिटंच काय ती आमची. त्या दुपारी तो क्षितिजावर आला आणि लगेच पडदा लाल झाला. इंधन गळतंय, उपग्रह भरकटतोय! त्याला सावरायचं तर मुख्य चावी पाठवायची, म्हणजे जे सांकेतिक आकडे मिळाले की तो कुणाचाही हुकूम मानतो ते आकडे. भाऊजींनी तिजोरी उघडलीसुद्धा.

माझ्यापुढे जुना रिसीव्हर होता. नवा आपोआप जुळतो, हा हातानं जुळवावा लागतो. हॉर्न वाजवत गाडी जवळून गेली की सूर आधी चढा लागतो, मग उतरतो. उपग्रहाचंही तसंच, म्हणून बटण सारखं फिरवत राहायचं. चार मिनिटं झाली आणि माझ्या लक्षात आलं, मी ते एकदाही फिरवलेलं नाही. सूर जागचा हलतच नव्हता.

“साहेब, चावी पाठवू नका. हा आपला उपग्रह नाही. जमिनीवरून कुणीतरी सोंग करतंय.”

“झालं, वाजला भोंगा,” मागून कुणीतरी म्हणालं.

“कशावरून?” भाऊजींनी विचारलं.

“सूर हलत नाहीये. डिश दुसरीकडे वळवून बघा. खरा असेल तर आवाज तुटेल.”

“आणि तुटला तर? परत जुळवून चावी पाठवेपर्यंत वेळ संपेल. उपग्रह हातचा जाईल.”

“जाईल. पण चावी गेली तर तो त्यांचा होईल, भाऊजी.”

ऑफिसात मी त्यांना अशी हाक कधीच मारत नाही. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटं उरली होती.

“वळवा,” ते म्हणाले.

डिशनं उपग्रहाकडे पाठ केली. आवाज मात्र ठणठणीत, इंधन गळल्याची बोंब चालूच! मी लाज सोडून टुणकन उडी मारली. डिशचं तोंड कुंपणापलीकडच्या पाण्याच्या टाकीकडे करताच आवाज दुप्पट झाला.

भाऊजींचे डोळे चमकले. “रक्षकांना टाकीकडे पिटाळा. आणि चोर तोवर तिथेच रमला पाहिजे. गेल्या वर्षीची बाद चावी द्या त्याला.”

दिली. पडदा लगेच हिरवा झाला. गळती बंद, उपग्रह ठीक, सगळं आबादीआबाद, तेही बाद चावीनं! अख्खी खोली खदाखदा हसत सुटली. मघाशी मला ‘भोंगा’ म्हणणारा तर हसून हसून टेबलावर आडवा झाला.

शेवटचं मिनिट उरलं असताना पडदा काळा पडला. डिश पुन्हा आभाळाकडे नेली, तर आमचा खरा उपग्रह बारीक आवाजात बोलत होता. अंगात काडीचाही आजार नाही. पाठोपाठ फोन आला, टाकीमागे एक व्हॅन आणि दोन माणसं सापडली होती.

भाऊजींनी एक कागद घेतला, त्यावर काहीतरी खरडलं आणि तो तिजोरीच्या दाराला चिकटवला. ‘जुन्या रिसीव्हरवरच्या बाईंनी हो म्हटल्याशिवाय चावी बाहेर काढू नये. मी सांगितलं तरी.’ खाली त्यांची सही होती. मी ते तीनदा वाचलं आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडले.