मागचा दांडा

आमच्या यांचा डावा हात पक्कडने पुन्हा आपल्या हातात घेतला, तेव्हा मी पिशवीतली सुई काढून उगाचच दोरा ओवायला बसले. रागाच्या भरात सुईचं भोकसुद्धा दिसेना.

पक्कड हे तिचं खरं नाव नव्हे. वस्तीतल्या दुरुस्तीच्या शेडमध्ये सगळे तिला तसं म्हणतात, कारण एकदा काम धरलं की ती सोडत नाही. हसरी, तरतरीत, गालावर ग्रीसचा डाग. तो डागही मेला तिला शोभत होता.

यांचे पाय लहानपणापासून लुळे आहेत. हाताने पेडल फिरवायची यांची तीनचाकी सायकल, आणि जोडीला बॅटरीवरची मोटर. मोटर कधीच बंद पडली, विकणाऱ्या दुकानाने हात वर केले, आणि तेव्हापासून यांची मोटर म्हणजे मी. सीटच्या मागे एक लोखंडी दांडा होता. रोज सकाळी छापखान्याच्या चढावर हे पुढे पेडल फिरवायचे, मी तो दांडा धरून मागून रेटायची. वर पोचलं की हे छापखान्यात प्रुफं तपासायला, मी शेजारच्या शिंप्याकडे कपडे सैल-घट्ट करून द्यायला.

आमचा खरा संसार त्या चढावरच झाला. घरात आम्ही भाजी, बिल आणि नळ यापलीकडे बोलत नाही. समोरासमोर काही अवघड निघालं की यांची दातखीळ बसते आणि माझा आवाज चढतो. पण चढावर यांना माझं तोंड दिसायचं नाही, मला यांचं. मूल होणार नाही हे कळलं, तेव्हा त्याबद्दल आम्ही तिथेच बोललो. सासूबाईंशी माझं पटत नाही, हेही मी तिथेच सांगून टाकलं. मी मागून बोलायची, हे समोर बघत 'हं' म्हणायचे, आणि वर पोचेपर्यंत काहीतरी ठरलेलं असायचं.

मग यांच्या डाव्या हाताची मूठ सैल पडायला लागली. जुनी ओढणी फाडून मी तिची पट्टी केली आणि रोज सकाळी यांचा हात पेडलच्या मुठीला बांधून द्यायला लागले. छापखान्यातल्या कुणीतरी या शेडबद्दल सांगितलं. शनिवारी वस्तीतली जाणती माणसं तिथे जमून हौसेने दुरुस्ती करतात म्हणे. आम्ही गेलो, तर मंडळी सायकलवर तुटूनच पडली. रिटायर झालेल्या फिटरकाकांनी मोटर खोलली. चामड्याच्या पिशव्या शिवणारे मामा माप घ्यायला आले. आणि पक्कडने यांचं एकेक बोट वाकवून पाहिलं.

"इथे दुखतं? आणि इथे, काका?"

"दुखत नाही," हे म्हणाले. "अंगठ्यात मुंग्या येतात. रात्री जास्तच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रात्री शेजारी कोण झोपतं? मी. मला मुंग्यांचा म सांगितला नव्हता, आणि या कालच्या पोरीपुढे घडाघडा!

मामांनी दातांनी ओढून लावता येईल असा रुंद पट्टा करून दिला. पक्कडने माझी ओढणीची पट्टी नीट घडी घालून माझ्या हातात ठेवली. "काकू, आता तुम्हाला बांधत बसायला नको." गोड बोलली. म्हणूनच जास्त राग आला.

नवी बॅटरी मोठी होती. "दांडा आड येतोय," फिटरकाका म्हणाले. "बॅटरी सीटखाली घेता येईल, पण आणखी एक शनिवार जाईल. नाहीतर दांडा कापू."

यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. ढकलतेस तू."

एवढ्या लोकांत मला विचारलं. पक्कडही बघत होती. मी मान उडवून म्हटलं, "कापा की! माझे खांदे तरी सुटतील."

यांनी माझ्यावरची नजर काढून फिटरकाकांना खूण केली. ग्राइंडर फिरला आणि दांडा फरशीवर पडला.

सोमवारी यांनी स्वतःच पट्टा लावला. चढाशी मोटर गुणगुणली आणि सायकल सुसाट वर गेली. मी धापा टाकत पोचले, तर यांच्या कपाळावर घामाचा थेंब नाही.

"बघितलंस?"

"छान," मी म्हटलं. त्या दिवशीचं आमचं बोलणं तिथे संपलं.

मग मी मुद्दाम उशिरा निघायला लागले. घरात हे काहीतरी बोलायला तोंड उघडायचे आणि मिटायचे. मी भांडी आपटायची. बॅटरी किती टिकते हे विचारायला पक्कडचा फोन आला, की मात्र यांचा चेहरा खुलायचा. मोटरवर जळावं की पक्कडवर, तेच मला कळेना. मी दोघींवर जळत होते.

एका सकाळी हे दारात अडून बसले. "आज बरोबर चल."

चढाच्या पायथ्याशी गुणगुण थांबली.

"बिघडली?" मी विचारलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता.

"मीच बंद केली. ढकल."

"कशाला धरून? दांडा कुठाय?"

"खांद्यांना धर."

मी धरलं आणि रेटलं. पट्टा करकरला, चाकं हलली. थोडं वर आल्यावर, समोर बघतच यांनी विचारलं, "मला ढकलून एवढी कंटाळली होतीस?"

म्हणजे इतके दिवस हा माणूस हेच गिळून बसला होता.

"नाही हो," मी यांच्या पाठीला म्हटलं. "जळत होते. मुंग्यांचं तिला सांगितलंत. मला नाही."

यांनी पेडलचे आणखी दोन-तीन फेरे मारले.

"उजव्या हातातही यायला लागल्यात," हे म्हणाले. "ते तिला सांगितलेलं नाही."

मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते घेववत नव्हतं. चढ अजून अर्धा बाकी होता. मी "हं" म्हटलं आणि जोर लावला.